दोन मिनिटं गप्प

प्रवासातून परतलं की लोक म्हणतात, फोटो दाखव. आवाज ऐकव, असं आजवर मला कोणी म्हटलेलं नाही. त्यामुळे प्रवासात टिपलेल्या आवाजांचा माझा हा साठा बिनबोभाट वाढत गेला.

सुरुवात एका धबधब्यापासून झाली आणि साफ फसली. कोसळत्या पाण्यासमोर फोन धरून उभा राहिलो, मुक्कामी येऊन ऐकलं, तर स्टेशन न लागलेल्या रेडिओची नुसती खरखर! धबधब्यात खर्जापासून तारापर्यंतच्या सगळ्या कंप्रता एकदम वाजत असतात. समोर पाणी दिसतं म्हणून आपल्याला तो धबधबा वाटतो, इतकंच. पुढच्या वेळी त्याच्याकडे पाठ केली आणि बाजूच्या कपारीतून ठिबकणाऱ्या पाण्यापाशी वाकलो. त्या टपटपीच्या मागे धबधबा छान घुमतो.

वाऱ्यानेही असंच छळलं. तो थेट माइकवर आदळला की सळसळ राहते बाजूला, उरते ती धडधड. म्हणून माइकला केसाळ टोपी घालतात. ती पाहून एका लहान मुलाने विचारलं, “हे चावतं का?” वाऱ्याच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये मला आता वाऱ्यापेक्षा हा प्रश्नच जास्त आवडतो.

कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये एका कोड्यावर प्रयोग केले होते: भोवती गलका असताना माणूस नेमकं एकाचंच बोलणं कसं ऐकतो? कान निवड करतात. माइकला ती अक्कल नाही, आणि ते बरंच आहे. एकदा रात्री फलाटावर मी गाडीच्या घोषणेसाठी कान टवकारून बसलो होतो. माइकने मात्र बाकावरचं घोरणं, पंख्याची कुरकुर आणि हातगाडीचं एक बिघडलेलं चाक असं सगळंच घेतलं. ती घोषणा आता ऐकवत नाही. पण ते चाक चीं-चीं करत जवळ येऊ लागलं, की अख्खा फलाट उभा राहतो, तळपायाला लागलेल्या गार फरशीसकट.

लुडविग कोख या जर्मन मुलाने १८८९ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, घरच्या पक्ष्याचं गाणं मेणाच्या नळकांड्यावर टिपलं होतं. आता ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असा उत्तम दर्जाचा थाट केला तरी मिनिटाला १७ एमबी लागतात. किरकोळच. म्हणून तर हाती येईल ते टिपत गेलो, आणि ‘रेकॉर्डिंग ४७’ कुठलं, हे मला आज सांगता येत नाही. हल्ली सुरुवातीलाच ठिकाण आणि वेळ बोलून ठेवतो.

मी हात वर केला की सोबतचे गप्प होतात. पण दोन मिनिटं फार मोठी असतात. कोणीतरी हळूच कुजबुजतं, “झालं का?” पूर्वी हे कापून टाकायचो. आता नाही. फोटो काढणारा फोटोत नसतो. इथे मात्र माझा श्वास, बुटांखालची खडी, पोटातली गुडगुड, सगळं हजर असतं.

परवा भर दुपारी पत्र्यावरच्या पावसाचं एक जुनं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. वीज चमकावी तशी आतून कोणीतरी धावत आली आणि दोरीवरचे सगळे कपडे ओढून घेऊन गेली. मी काही बोललो नाही. रेकॉर्डिंग अजून चार मिनिटं बाकी होतं.