तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं दुखतं, तर ऑपरेशन का करून टाकत नाही?

हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारलाय, त्या सगळ्यांना मिळून एकदाच उत्तर देते आहे. फोनवर मी "बघू, दिवाळीनंतर" म्हणते आणि तुमच्या सुनेची चौकशी करते. ते काही उत्तर नव्हे, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. मणका सरकलाय, नस दबलीय, पायात कळ येते, हे तुम्हाला आता माझ्याइतकंच पाठ आहे. ते पुन्हा उगाळत नाही.

पण आधी ट्रॉलीचं. मला त्या मोठ्या दुकानात ट्रॉली घेऊन तासभर फिरताना आपल्या गल्लीतल्या कुणीतरी पाहिलं आणि हळदीकुंकवाला विषय निघाला, "वहिनी तिथे तर चांगल्या टुणटुणीत फिरत होत्या." हो, फिरत होते. ट्रॉलीवर कोपरं टेकून, पुढे वाकून. ताठ उभं राहिलं की मणक्यातली नसांची वाट आणखी चिंचोळी होते, पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. म्हणून ट्रॉली धरून मी तासभर फिरू शकते आणि हात मोकळे असले तर आपल्या इंदुरात राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत जाईतो मला एखाद्या दुकानाच्या ओट्यावर बूड टेकावं लागतं. सानंद संस्थेच्या नाटकाला दोन्ही अंक बसते, काही होत नाही. मध्यंतरात बायकांच्या रांगेत उभी राहिले की डावी पोटरी पेटते. तेव्हा बसलेली बघून "बरी दिसतेस" म्हणू नका. बसलेली मी बरीच असते. उभ्याउभ्या भेटा.

मग येतात मेव्हणे. प्रत्येकाचा एक मेव्हणा असतो, त्याचं ऑपरेशन झालेलं असतं आणि तो तिसऱ्या दिवशी जिना चढलेला असतो. नाहीतर मग एक काका असतात, त्यांनी बिस्तर पकडलेलं असतं. तुमच्या मेव्हण्याची गादी सरकली होती, तो पस्तिशीचा होता, त्याची चकती थोडी कापून काढली, झालं. माझा चौथा मणका पाचव्यावरून पुढे घसरलाय. पन्नाशीनंतर बायकांचा बहुधा तिथेच घसरतो. माझ्या ऑपरेशनात दोन्ही मणक्यांना स्क्रू मारून, सळ्या घालून ते एकमेकांना कायमचे जोडायचे आहेत. दुर्बिणीतून होत नाही का, लेझरने होत नाही का, हे विचारून झालंय. तुमच्यासाठीसुद्धा विचारून झालंय.

स्क्रू म्हटलं की हाड आलं. हाडांची घनता मोजायची तपासणी केली, तर टी-स्कोर निघाला उणे 3.1. उणे 2.5 किंवा त्याच्याही खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. सर्जन म्हणाले, "पोपड़े वाली दीवार में कील ठोकूँगा तो कितने दिन टिकेगी, मैडम?" स्क्रू काही जन्मभर मणके धरून बसत नाहीत. दोन मणक्यांमध्ये नवं हाड भरून येईपर्यंत त्यांनी टिकायचं, आणि हाड भरायला सहा महिने ते वर्षही लागतं. तेवढ्यात स्क्रू सैल झाला, तर पुन्हा पाठ उघडायची. म्हणून मला हाड वाढवणारं टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन चालू आहे. रोज रात्री, पेनासारखं असतं, फ्रीजमध्ये ठेवायचं, पोटावर टोचून घ्यायचं. पेन महाग आहे, विम्यात बसत नाही. सुरुवातीला टोचून उठलं की गरगरायचं, आता नाही. हाड वाढतंय की नाही हे रोजच्या रोज दिसत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला मी नुसती बसलेय असं वाटतं. मी बसलेली नाही, माझं हाड तयार होतंय.

हे एवढं उत्तर पुरायला हवं होतं. पण यावर तुमचं ठरलेलं असतं, "पण त्या रात्री एवढं झालं ना? त्यानंतर तरी?"

त्या रात्रीचं मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. "लघवी अडकली होती, ॲडमिट केलं, सुटले" एवढंच तुम्हाला माहीत आहे.

पावसाळ्याचे दिवस होते, मला सर्दी झाली होती, मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी घेऊन झोपले. त्याच आठवड्यात नसांच्या दुखण्याची रात्रीची गोळीही वाढवून दिली होती. एकच्या सुमाराला लघवीला जाग आली. बसले, होईना. नळ सोडला, होईना. उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले (का, कोण जाणे), परत येऊन बसले. पोट तट्ट फुगलेलं आणि थेंब नाही. सर्जनकडून मिळालेल्या कागदावर खाली चौकटीत छापलं होतं: लघवी अडली, किंवा घोड्यावर बसताना जो भाग खोगिराला टेकतो तो बधिर झाला, तर ताबडतोब या. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जो झुपका असतो तो पुरा दाबला गेला, तर एकदोन दिवसांच्या आत मोकळा करावा लागतो, नाहीतर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे मी आधीच वाचून ठेवलेलं. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, वाचल्याशिवाय राहवत नाही. त्या रात्री वाटलं, वाचलं नसतं तर बरं. बाथरूमच्या दिव्याखाली मी मांडीच्या आतल्या बाजूला चिमटे काढून बघत होते. चिमटा कळत होता. पण पुरेसा कळत होता का? काल किती कळत होता? काल कुठे मी चिमटे काढले होते?

ह्यांना उठवलं. मागच्या सीटवर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले. अन्नपूर्णा रोडवर रस्ता झाडणाऱ्यांची कामं चालू होती. देशात सगळ्यांत स्वच्छ शहर म्हणून आपण मिरवतो, पण ते रात्री दोन वाजता झाडलं जातं हे मी त्याच रात्री पाहिलं, तेही खालून, खिडकीच्या कोपऱ्यातून. प्रत्येक स्पीडब्रेकरला हे "सॉरी, सॉरी" म्हणत होते. मी ओरडले, "सॉरी नको, सावकाश चालवा." नंतर म्हटलं, "सावकाश नको."

दवाखान्यात ड्यूटीवर एक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. पडदा ओढला, ह्यांना बाहेर काढलं. "आंटी, करवट लीजिए. मैं छुऊँगी, आप बताइए, चुभ रहा है या सिर्फ़ छू रहा है." एका हातात सुई, दुसऱ्यात कापूस. माझं तोंड भिंतीकडे.

"यहाँ?"

"चुभ रहा है."

"यहाँ?"

"...छू रहा है."

"पक्का, आंटी?"

मला पक्कं माहीत नव्हतं. ती एकदा कापूस लावत होती, एकदा सुई, आणि माझं सगळं लक्ष तिच्या आवाजाकडे, चुकलं की आवाज बदलतो का तिकडे. मग बोट आत घालून म्हणाली, "कसिए, आंटी. और ज़ोर से." मी आवळलं. पुरेसं आवळलं गेलं का, ते ती बोलली नाही. हातमोजे काढून कागदावर लिहीत बसली. मला मरणाची भीती वाटत नव्हती. माझ्या तोंडून चुकीचं उत्तर जाईल आणि त्या उत्तरावर पुढचं सगळं ठरेल, ही भीती होती. बधिर नसताना बधिर म्हटलं, तर ठिसूळ हाडाला उजाडायच्या आत स्क्रू. बधिर असून नाही म्हटलं, तर उरलेलं आयुष्य डायपर. दुखतंय का विचारलं तर मी तासभर बोलेन. "जाणवतंय का" याला मला उत्तर देता येईना.

नळी घातली तेव्हा पिशवीत पाऊण लिटर आली. त्या मुलीचा हात धरून मी मराठीत काहीतरी बोलले, तिला कळलं नसावं. मग कागद आला. एमआरआय बघून गरज पडलीच तर वेळ जायला नको, म्हणून संमतीची सही आधीच. ह्यांनी चष्मा आणला नव्हता. मी वाचला. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नसेला इजा, अर्धांग, मृत्यू, अशा ओळी होत्या. मी दोन्ही पानांवर सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

एमआरआयमध्ये उताणं, सरळ पडायचं असतं आणि माझं नेमकं तेच होत नाही. गुडघ्यांखाली उशी दिली, हातात रबरी फुगा दिला, सहन नाही झालं तर दाबा म्हणाले. मशीनचा ठोका चालू झाल्यावर पायातून वीज जायला लागली. फुगा दाबला असता तर चित्र हललं असतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो दाबायचा नाही म्हणून मी मूठ उघडीच ठेवली होती आणि आत स्वतःशी बोलत होते: उजाडू दे, सर्जन येऊ देत, काय करायचं ते करा, स्क्रू घाला, सळ्या घाला, मी परत कधी का म्हणून विचारणार नाही.

सर्जन सकाळी आले. मागचं चित्र आणि रात्रीचं चित्र शेजारी लावून बघितलं. "जगह उतनी ही है जितनी पहले थी. नस का मामला नहीं है." सर्दीची गोळी आणि वाढवलेली गोळी, दोन्हींनी मूत्राशय सुस्तावतं, दोन्ही एकत्र आल्या, असा त्यांचा अंदाज. एक बंद केली, दुसरी कमी केली, पुढे नळी काढल्यावर सगळं आपोआप सुरू झालं. सही केलेला कागद फायलीला लावलेला राहिला. लेकीने नंतर विचारलं, तो रद्द करून घेतलास का? कुणाला सांगून रद्द करायचा असतो तो?

तर तुम्ही म्हणता, त्या रात्रीनंतर तरी. आणि मीही म्हणते. मशीनमधल्या त्या बाईने शब्द दिला होता आणि मी तो पाळलेला नाही. मी तिला सांगते, बाई, तू घाबरलेली होतीस, घाबरलेल्या माणसाने दिलेला शब्द कसला धरायचा? ती म्हणते, आणि तू? सकाळी गोळी घेऊन, चहा-पोहे खाऊन, पाठीला शेक देत बसलेली असताना ठरवतेस, तो निर्णय मोठा शहाणपणाचा का? तुला दुखत नाही तेवढ्याच वेळात तू निर्णय घेतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडे तरी कुठे आहे? त्या रात्री तिच्याच म्हणण्याप्रमाणे झालं असतं, तर गोळ्यांमुळे अडलेल्या लघवीसाठी माझ्या पाठीत लोखंड असतं.

आता जे मी टाळत आले ते. वाचायची खोड आहे हे सांगितलंच. 2016 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. स्वीडनवाले म्हणतात, नसेवरचा दाब काढला की पुरे, मणके जोडून वेगळा फायदा दिसला नाही. अमेरिकेतले म्हणतात, जोडलेल्यांची तब्येत थोडी जास्त सुधारली. 2021 मध्ये नॉर्वेचा आला, खास माझ्यासारख्या सरकलेल्या मणक्यांचा: नुसता दाब काढलेले लोक दोन वर्षांनी जोडलेल्यांपेक्षा वाईट नव्हते. मी प्रिंट काढून सर्जनकडे नेले. ते चिडले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाले, तुमचा वाकून काढलेला आणि मागे झुकून काढलेला एक्स-रे बघा, मणका हलतोय, म्हणून मी जोडणार. आणि हेही म्हणाले की ऑपरेशन पायासाठी आहे. पायाची कळ जाईल असं ते बऱ्याच भरवशाने सांगतात. कंबरेचं मात्र "कुछ कह नहीं सकते". म्हणजे एवढं सगळं करून कंबर दुखतच राहू शकते. तुमच्यापैकी एकानेही मला विचारलं नाही, कशासाठीचं ऑपरेशन आहे म्हणून.

मग मी दुसऱ्या सर्जनकडे गेले. एकटी, दुपारी, रिक्षाने. त्यांनी तेच एक्स-रे बघितले आणि म्हणाले, हालचाल किरकोळ आहे, स्क्रूची गरज नाही, नुसता दाब काढू, जमलं तर पुढच्याच महिन्यात.

स्क्रू नाहीत, तर हाड तयार व्हायची वाट बघायचं कारणही नाही. इंजेक्शन ठिसूळपणासाठी चालू राहील, पण ऑपरेशन त्याच्यासाठी थांबवायला नको. तुमच्या प्रश्नाला मी देते ते उत्तर त्या दुपारी संपलं. तरी मी ते देतेच आहे, कारण ते सोयीचं आहे. हाड कच्चं आहे म्हटलं की समोरचा गप्प होतो. भीती वाटते म्हटलं की तो मेव्हणा काढतो. भीती आहेच. पण नुसती भीती असती तर सोपं होतं. दोन्ही सर्जन मला प्रामाणिक वाटले आणि दोघांची मतं एकमेकांविरुद्ध आहेत. दाब काढला आणि पुढे मणका आणखी घसरला, तर पहिले सर्जन म्हणणार, सांगितलं होतं. स्क्रू घातले आणि ते हलले, तर दुसरे म्हणणार. पाठ माझीच राहणार. कधी वाटतं दुसऱ्यांकडे जाऊन तारीख घ्यावी. मग रात्री पेन टोचताना वाटतं, एवढं केलंय तर आणखी थोडं थांबू, हाडाची तपासणी पुन्हा व्हायची आहे, आकडा बघू.

दुसऱ्या सर्जनकडे गेल्याचं घरी सांगितलेलं नाही. हे वाचून ह्यांना आता कळेलच. तेव्हा एक-दोन दिवस कुणी फोन करू नका. ते काय म्हणतात ते आधी मला ऐकायचं आहे.