फुकुशिमा: स्थलांतरात गेलेले जीव

११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच जपानमधील फुकुशिमा दाइची या अणुवीज प्रकल्पातील चालू अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या. परंतु मागोमाग आलेल्या त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनित्रे बुडाली, शीतकरण थांबले आणि तीन भट्ट्यांमधील इंधन वितळले. मला अधिक अस्वस्थ करते ते त्यापुढचे: दीड लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली, आणि घाईने हलवलेले रुग्ण, वृद्धाश्रमांतील म्हातारी माणसे, निवाऱ्यांत खचत गेलेले लोक अशा दोन हजारांहून अधिक जणांचे मृत्यू फुकुशिमा प्रांतात आपत्तीशी निगडित म्हणून नोंदवले गेले, जे तेथे थेट भूकंप-त्सुनामीत दगावलेल्यांहूनही जास्त आहेत. स्थलांतराची तयारी हा अणुसुरक्षेचाच भाग मानला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. प्रकल्पाजवळच्या फुताबा या गावात पुन्हा राहण्याची परवानगी मिळाली ती २०२२ मध्ये, तीही काही भागापुरतीच.