पीळ आणि खळ

"ताई, ह्ये तर जेन झालं की!" मामांनी माझा नमुना मागाच्या लाकडावर टकटक वाजवून दाखवला. जेन म्हणजे न विणता, लोकर दाबून केलेलं जाड कापड.

तोच तुकडा आदल्या रात्री मी पुण्यात मशीनला लावला होता, ६० अंशांवर. आत जाताना ५० सेंटिमीटर, बाहेर आला तो ३९. एका कॅफेच्या बाकांसाठी घोंगडीचं कापड हवं होतं आणि मालकाची अट एकच, मऊ हवं. दख्खनी मेंढीची काळी लोकर, त्यात उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ. म्हटलं, खळच धुऊन टाकू. लोकरीच्या तंतूंना खवले असतात, गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकून बसतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरी बटण दाबलंच.

मामा पिढीजात सणगर, घोंगड्या विणणारे. त्यांनी खांद्यावरची जुनी घोंगडी माझ्या मांडीवर टाकली. खांद्याच्या जागी साय, काठाला अजून कडक. "खळ आपणहून जाती. माणूस लागतो तिथनं आधी."

म्हणजे खळीखाली काहीतरी बांधून ठेवता येईल! मामींना सुताला नेहमीपेक्षा बराच जास्त पीळ द्यायला सांगितलं. असं सूत हातातून सुटलं की लगेच स्वतःभोवती वेटोळं घालतं. "खळीत बुडवून ताणून वाळवलं तर सरळ राहील?"

"राहील की. पण सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई."

मला तेच हवं होतं.

उन्हात वाळलेलं ते सूत दर सहाव्या आडव्या धाग्याला घातलं, पाच-पाच उभे धागे ओलांडून मोकळं सोडत. विणलेलं कापड सपाट, कुणाला संशय येणार नाही असं. मग ओलसर हाताने एकच कोपरा घासत बसले. मामी दोनदा चहा विचारून गेल्या. तासाभराने खळ भुगा होऊन निघाली आणि मोकळे धागे एकेक करून उठले, आखडले, बारीक कुरळे झाले; भोवतीचं कापडही आत ओढलं गेलं. बाकीचा तुकडा ढिम्म.

टोचत मात्र होतंच. त्यावर मामांचा उपाय जावळाची लोकर, कोकराची पहिली कातरण. ती थोडीच मिळते, म्हणून भाव चढला.

संध्याकाळी मालकाला फोनवर सगळं समजावलं. तो जरा वेळ गप्प.

"म्हणजे गिऱ्हाईक कुठं बसतं ते बाकावर उमटणार?"

"हो."

"मग बेसिनजवळचं बाक जन्मभर कोरंच राहील."

त्या एका बाकाला त्याने साधं कापड सांगितलं.