एक बाटली, दोन डोळे

ज्वारी काढणीचे दिवस होते. मंगळवेढ्याकडच्या एका आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी सोलापुरात केलं होतं. दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा डोळा लाल, उजेड अजिबात सोसत नव्हता. स्लिट लॅम्प या तपासणीच्या यंत्राच्या बारीक झोतात डोळ्याच्या आतल्या द्रवात सुजेच्या पेशी तरंगत होत्या, कवडशात धूळ दिसते तशा. जंतुसंसर्गाची धास्ती वाटली. पण पू नव्हता, मागचा पडदा स्वच्छ दिसत होता. म्हणजे सूजच पुन्हा उसळली होती.

"आजी, ड्रॉप घालताय ना?"

"न्हाई ओ डॉक्टर. पोराला दिलं. काढणीत ज्वारीचं पान लागलं त्याच्या डोळ्याला. माझी लाली कशी गेली बघा, म्हणून त्याला बी घातलं."

पोरगा बाहेरच बाकावर बसला होता, डोळ्यावर टॉवेल दाबून. त्याला आत घेतलं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, राखाडी व्रण, कडा विस्कटलेल्या, शेजारी दोन बारके ठिपके. पाहताक्षणी माझ्या पोटात गोळा आला.

बाटली प्रेडनिसोलोनची होती. ऑपरेशननंतर हे स्टेरॉइड सूज दाबून धरतं. चार ते सहा आठवड्यांत थेंब हळूहळू कमी करायचे असतात. एकदम थांबवले की सूज उलटते. आजींचं तेच झालं. पानाच्या जखमेतून मात्र बुरशी आत शिरू शकते. तिथे स्टेरॉइड पडलं की शरीराचा प्रतिकारच दबतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. "पहिले दोन दिवस लई बरं वाटलं," तो म्हणाला. फसवतं ते हेच. लाली उतरते, आजार आत वाढत राहतो.

व्रण खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून पाहिलं. बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. त्याचं स्टेरॉइड तिथंच बंद केलं आणि ५ टक्के नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध दर तासाला सुरू केलं. आजींना तेच स्टेरॉइड नव्या बाटलीतून पुन्हा दिलं, सोबत नेपाफेनॅक, हेही सुजेवरचंच पण स्टेरॉइड नसलेलं औषध. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्याचा दाब चढतो, म्हणून दर भेटीला दाबही मोजत राहिलो.

आजींचा डोळा लवकर निवळला. पोराचा व्रण भरायला दीड महिना गेला. डाग राहिला, पण मध्यापासून बाजूला, त्यामुळे नजर बरीचशी वाचली. आता ऑपरेशननंतर बाटली हातात देताना मी घरच्यांनाही समोर बसवतो आणि उरलेलं औषध पुढच्या भेटीला परत आणायला सांगतो.