कपाटाला फ्रेंच म्हातारपण

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात हल्ली दोन तऱ्हांची गिऱ्हाइके दिसतात. एकांना जुनी वस्तू नव्यासारखी करून हवी असते. दुसऱ्यांना ती आहे त्याहून जुनी आणि शक्यतो फ्रान्समधल्या एखाद्या पडक्या हवेलीतून आल्यासारखी दिसायला हवी असते. मी दुसऱ्या पंथातली. मोतिया किंवा राखाडी रंग, घासून लाकूड उघडे पाडलेल्या कडा आणि नक्षीच्या खाचांत मुरलेले काळपट मेण, असे त्या रूपाचे थोडक्यात वर्णन करता येईल. ॲनी स्लोन या ब्रिटिश बाईंनी १९९० मध्ये चॉक पेंट या नावाने खडूसारखा निस्तेज रंग बाजारात आणला, तेव्हापासून हौशी माणसांना हा उद्योग घरच्या घरी करता येऊ लागला.

लाकडाला रंग फासणे हे आपल्याकडे पाप समजले जाते आणि सागाच्या बाबतीत माझेही मत तेच आहे. पंधराव्या लुईच्या काळातल्या फ्रेंच खुर्च्या बहुतेक बीचच्या असत. हे तिकडचे सहज मिळणारे, फिकट आणि दिसायला साधे लाकूड असल्यामुळे त्याला रंग किंवा सोनेरी मुलामा देण्यात कोणाचे काही बिघडत नव्हते. खुद्द राणी मारी आंत्वानेतसाठी जॉर्ज जाकोब या कारागिराने १७८७ मध्ये केलेल्या शयनगृहातल्या फर्निचरवरची गव्हाच्या लोंब्यांची नक्षीसुद्धा रंगवलेलीच आहे. तेव्हा बर्मा सागाच्या कपाटावर राखाडी रंग चढवणाऱ्याने फ्रेंच परंपरेचा दाखला देऊ नये. मी निवडते ती जंगली लाकडाची, तीन घरांत तीन रंगांचा ऑइल पेंट खाल्लेली कपाटे, ज्यांच्या पोटात काय लाकूड आहे हे सुतारालाही पटकन सांगता येत नाही.

काही लाकडांचा आणि जुन्या पॉलिशचा तांबूस डाग फिकट रंगातून वर येतो. कितीही हात मारले तरी तो पुन्हा डोकावतो. त्यावरचा उतारा म्हणजे रंग लावण्याआधी, मूळचे मेण काढून टाकलेल्या चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, एक हात. आपले मिस्त्री फ्रेंच पॉलिश म्हणतात ते याच लाखेचे. ते युरोपात लोकप्रिय झाले एकोणिसाव्या शतकात, पंधरावा लुई जाऊन बरीच वर्षे लोटल्यावर, आणि लाख मात्र आपल्या झारखंडकडच्या झाडांवर किडे तयार करतात. फ्रेंच दिसण्यासाठी कपाटाला असे आतून झारखंडी व्हावे लागते, याची मला गंमत वाटते.

खरी कसोटी रंग वाळल्यावर लागते, कारण झीज कुठे दाखवायची हे हातात काचकागद घेण्याआधी ठरवावे लागते. सगळ्या कडा सारख्याच घासल्या की कपाट जुने न दिसता खरूज झाल्यासारखे दिसते. परदेशी चित्रांत मुठीभोवती आणि पायांच्या वळणांवर रंग उडालेला असतो, ते तिथल्या प्रशस्त दालनांना शोभते. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत कपाट वेगळ्या जागी म्हातारे होते. येणाजाणाऱ्याचा खांदा लागतो तो वाटेकडचा कोपरा आधी गुळगुळीत होतो. लादी पुसण्याच्या ओल्या फडक्याने पायांचा खालचा भाग सोलवटतो. किल्ल्यांचा जुडगा लटकत राहतो तिथे कुलपाखाली अर्धवर्तुळ उमटते. आणि आरसा असेल तर त्याच्या चौकटीवर काढून चिकटवलेल्या टिकल्यांचे गोल वण राहतात. मी याच ठिकाणी घासते (टिकल्यांचा मोह अजून आवरला आहे). आमच्या इमारतीत काम करणाऱ्या पॉलिशवाल्या मिस्त्रींनी ते पाहून, ‘‘ताई, शेवटचा हात कधी मारणार?’’ असे विचारले, तेव्हा काम जमल्याची खात्री पटली.

मेणाचे तंत्र सोपे आहे, पण त्याचा क्रम चुकवून चालत नाही. मधमाश्यांचे मेण टर्पेंटाइनमध्ये मऊ करून आधी बिनरंगी लावायचे आणि मगच खाचांत काळपट. उलट केले तर निस्तेज रंग काळे मेण पिऊन टाकतो आणि डाग निघत नाही. मेण पुरते कडक व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून मुंबईत हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत उरकावे. पावसाळ्यात बंद खोलीत भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटाच्या पाठीवर बुरशी धरते, तेव्हा मागे चार बोटे जागा सोडावी. अर्थात मुंबईच्या खोलीत चार बोटे मागणे हेही धाडसच. शिवाय मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि उकळत्या चहाचा स्टीलचा पेला त्याहून बराच गरम असतो. मेणावर व्हार्निश धरत नाही, म्हणून वरच्या फळीपुरता निर्णय मी आधीच घेते. तिला मेणाऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या मॅट व्हार्निशचे दोन हात देते आणि शुद्धतावाद्यांनी कितीही नाके मुरडली, तरी चहा तिथेच ठेवते.