गुणांची वही, महिना चौथा: ‘अंतर कुणाचं?’ हा नवा रकाना

मुष्टियुद्धाच्या (बॉक्सिंगच्या) जुन्या लढती पाहून स्वतः गुण द्यायचे, त्याची ही वही. या महिन्यात ठरवल्या होत्या आठ लढती, झाल्या चार. कारण त्यातली एकच मी चार वेळा पाहिली: 16 सप्टेंबर 1981, लास वेगासच्या सीझर्स पॅलेसचं उघड्यावरचं रिंगण, शुगर रे लेनर्ड विरुद्ध टॉमी हर्न्स.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी पद्धत पुन्हा सांगते. आवाज बंद. फेरी संपली की चित्र थांबवायचं, गुण (फेरी जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला बहुधा 9) शाईनं लिहायचे, मागे जाऊन खोडायचं नाही. या महिन्यापासून वहीत एक रकाना वाढवलाय: ‘अंतर कुणाचं?’ म्हणजे त्या फेरीत दोघं एकमेकांपासून जितके लांब उभे होते, तितकं लांब (किंवा जवळ) राहणं कुणाच्या सोयीचं होतं. गुण आधी लिहायचे, हा रकाना नंतर.

याची गरज का पडली? पहिले तीन महिने मी पुढे सरकणाऱ्याला नकळत झुकतं माप देत होते. पुढे चालून येतोय म्हणजे तोच वरचढ, असं डोळ्यांना वाटतं. जुनी पानं चाळताना ही खोड प्रत्येक अटीतटीच्या लढतीत दिसली.

आता मूळ लढत. हर्न्स 6 फूट 1 इंच उंच, हातांची पोच 78 इंच. लेनर्ड 5 फूट 10, पोच 74. हर्न्सनं तोवरच्या 32 पैकी 32 लढती जिंकलेल्या, त्यातल्या 30 नॉकआउटनं. तो ठोकणारा, लेनर्ड पायांवर नाचणारा, अशीच मांडणी होती आणि पहिल्या पाच फेऱ्या बऱ्याच अंशी तशाच गेल्या. हर्न्सचा डावा हात खाली, जवळजवळ कमरेशी. जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) तिथूनच उसळतो, म्हणून तो येताना दिसत नाही, लागल्यावरच कळतो. कागदावर चार इंच किरकोळ वाटतात. पण त्या जॅबपासून वाचायला लेनर्ड जिथे उभा राहतो, तिथून त्याचा स्वतःचा उजवा हात पोचतच नाही. माझ्या रकान्यात पाचही वेळा ‘हर्न्स’, गुणांत चार फेऱ्या हर्न्सला.

सहाव्या फेरीत लेनर्ड आत शिरला आणि त्याचा डावा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) बसला. सातवीत तर त्यानं हर्न्सला बरगड्यांपासून डोक्यापर्यंत झोडलं. आत शिरणं महाग पडतं, वाटेत दोन-तीन ठोसे खावे लागतात. पण एकदा आत गेलं की लांब हातांना उघडायला जागाच उरत नाही. तिथे मिठी मारून वेळ काढता आला पाहिजे. हर्न्सला ते त्या रात्री जमलं नाही.

पण मला खरा धडा आठवी ते बारावी या फेऱ्यांनी दिला, आणि दादाशी फोनवर वादही त्यांच्यावरूनच झाला. एवढा मार खाल्लेला हर्न्स सावरला आणि त्यानं लढाईच बदलली. ठोकणारा माणूस चवड्यांवर उभा राहून मागे मागे सरकत जॅब मारायला लागला आणि नाचणारा लेनर्ड त्याच्या मागे चालायला लागला. लेनर्डचा डावा डोळा सुजून बंद होत आलेला. दादानं या पाचांपैकी तीन फेऱ्या लेनर्डला दिल्या होत्या, मी एकच. मी म्हटलं, “दादा, तो पुढे जातोय हे खरं, पण पोचतोय कुठे?” त्यानं फोन न ठेवता नववी फेरी पुन्हा लावली. मत काही बदललं नाही.

तेरावीत लेनर्ड पुन्हा टप्प्याच्या आत शिरला, हर्न्स दोरांवर कोसळला, पंचांनी आकडे मोजले. चौदावीत 1 मिनिट 45 सेकंदांवर लढत थांबवली. त्या क्षणी तिन्ही परीक्षकांकडे हर्न्सच पुढे होता: 125-122, 125-121, 124-122. माझी वहीही 124-122 हर्न्स, दादाची 124-122 लेनर्ड. बाकी सगळं सारखं, फक्त दोन फेऱ्यांचा फरक.

माझं मत असं झालंय: पोच फेरी मिळवून देते, पण लढत त्याच्याकडे जाते ज्याला दुसरं अंतरही येतं. हर्न्सनं बदल केला आणि तो सुंदर केला, पण त्याचे दोन्ही पवित्रे लांबचेच होते. लेनर्डकडे जवळचाही होता. तो पवित्रा उगाच आला नव्हता. 20 जून 1980 ला माँट्रियलमध्ये रॉबर्टो दुरानशी तो दुरानच्याच पद्धतीनं, खेटून लढला आणि थोडक्या गुणांनी हरला. 25 नोव्हेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये त्यानं लांबून, फिरत राहून खेळ केला आणि दुराननं आठव्या फेरीत लढत सोडली. या दोन्ही लढतींना मी याच महिन्यात गुण दिले.

चौथी लढत, 6 एप्रिल 1987, लेनर्ड विरुद्ध मार्व्हिन हॅगलर. डावखुरा हॅगलर सुरुवातीला उजव्या पवित्र्यात (उजव्या हाताच्या माणसासारखा, डावा पाय पुढे) उभा राहिला आणि त्या फेऱ्या हातच्या गेल्या. माझ्या मते त्याची लढत तिथेच निसटली. परीक्षकांचे आकडे: लेनर्ड 118-110, लेनर्ड 115-113, हॅगलर 115-113. पहिल्या महिन्यात मी 115-113 हॅगलर दिलं होतं. आता 115-113 लेनर्ड आलं. सहावी आणि अकरावी फेरी फिरली.

यात एक धोकाही लक्षात आला. अकरावीत अंतर लेनर्डचं होतं म्हणून मी गुण दिले, की खरोखर त्याचे ठोसे जास्त लागले? पुन्हा बघितल्यावर वाटतं, गुण थोडे घाईनं दिले. आधी स्वच्छ लागलेले ठोसे, मग जोर, आणि अगदीच बरोबरी असेल तर अंतर, हा क्रम रकान्याच्या वरच लिहून ठेवलाय. शाईनं लिहिलेला आकडा मात्र तसाच राहील.

पुढच्या महिन्याची पहिली लढत: 12 जून 1989, लेनर्ड-हर्न्स पुन्हा. तिसऱ्या आणि अकराव्या फेरीत लेनर्ड खाली पडला, तरी निकाल बरोबरीचा, 113-112, 112-113, 112-112. तुमच्यापैकी कुणी 1981 ची आठवी ते बारावी आवाज बंद करून पाहून गुण दिले असतील, तर पाच आकडे पाठवा. दादाचे आणि माझे आकडे आहेत त्याच पानावर लिहून ठेवीन.