घनफूट की चौरस फूट? आमच्या छोट्या आरागिरणीची चिरणावळ कशी ठरली

टेंपोतून उतरायच्या आधीच गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, घनफुटाला किती?" आमच्या गोव्यात माणूस फोंड्याचा असो, डिचोलीचा असो की सत्तरीतला, पहिला प्रश्न हाच. मी आता घनफुटाचा दर सांगत नाही. आधी विचारतो, "पाडायचं काय? फळ्या, रिपा की तुळया?" दर त्या उत्तरावर ठरतो. छोटं यंत्र घेऊ पाहणाऱ्यांना मशीनची माहिती सगळे देतात. चिरणावळ, म्हणजे लाकूड चिरून द्यायची मजुरी, कशी लावायची ते कोणी सांगत नाही, म्हणून माझा अनुभव इथं मांडतो.

आधी परवान्याचं, कारण तिथंच बरेचजण अडतात. आमच्या काकांची जुनी सॉ मिल होती, परवाना तिचाच. मोठी करवत बंद करून त्याच जागेत छोटं यंत्र बसवायला वनखात्याची मंजुरी घेतली. कागद हलायला वेळ लागला, पण जागा आणि परवाना जुना असल्यामुळे काम झालं. नवी आरागिरणी काढणं ही वेगळी गोष्ट आहे. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाचे आदेश निघत गेले, त्यानंतर या धंद्यावर कडक नियंत्रण आलं. नव्या गिरणीचा अर्ज राज्यस्तरीय समितीपुढे जातो. यंत्राला चाकं आहेत म्हणून ते जीपला जोडून गावोगाव फिरवता येईल, असा समज करून घेऊ नका. परवाना जागेचा असतो. आमचं यंत्र ओढून नेता येतं, तरी ते आमच्या आवारातच चालतं आणि ओंडका आमच्याकडे येतो.

ओंडका आला की पहिल्यांदा कागद बघतो. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या परसातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. माडाला या कायद्यातून २०१६ मध्ये वगळलं, तेव्हा गोव्यात केवढा आवाज उठला होता ते सगळ्यांना आठवत असेल. पुढे माड राज्यवृक्ष झाला आणि त्याला संरक्षण परत मिळालं. तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास, दोन्हींच्या प्रती घेतल्याशिवाय मी ओंडका उतरवू देत नाही. ओळखीची माणसं रागावतात. रागावू देत. नोंदवहीत आलेला माल आणि कापलेला माल जुळलाच पाहिजे, नाहीतर परवानाच धोक्यात येतो.

आता यंत्र. रुळांवर सरकणारी आडवी बँड सॉ (पट्ट्यासारखं गोल फिरणाऱ्या पातळ पात्याची करवत), चौदा अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, सव्वा इंच रुंद ब्लेड. ओंडका जागेवर पडून राहतो आणि करवत त्याच्यावरून चालत जाते. जुन्या गोल करवतीचं पातं एका कापात पाच-सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा करायचं, हे ब्लेड साधारण दोन मिलिमीटर खातं. बारा काप घेतले तर अठ्ठेचाळीस मिलिमीटरपर्यंत लाकूड वाचतं, म्हणजे एक इंची दोन फळ्यांना थोडंच कमी. आजोबांनी लावलेला फणस घेऊन येणाऱ्या माणसाला त्या दोन फळ्यांची किंमत कळते.

दराचा गुंता इथून सुरू होतो. आपल्याकडे ओंडका मोजायची जुनी रीत म्हणजे मधला घेर इंचांत घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून फुटांतल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. घेर ६० इंच, लांबी ८ फूट असेल तर १५ गुणिले १५ गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे साडेबारा घनफूट. त्या ओंडक्यात खरं लाकूड असतं सुमारे सोळा घनफूट. या रीतीत साल आणि बाजूची सालपटं जाणार हे आधीच धरलेलं असतं. लाकडाच्या खरेदी-विक्रीला ही रीत ठीक आहे. चिरणावळीला ती चालत नाही, हे माझं ठाम मत.

हाच ओंडका घेऊ. त्यातून साधारण साडेतेरा इंची चौरस निघतो. चौरस करायला चार काप, प्रत्येक काप नऊ चौरस फुटांचा, म्हणजे ३६ चौरस फूट. आता गिऱ्हाइकाला तीन इंची तुळया हव्या असतील तर आणखी चार काप, एकूण ७२. एक इंची फळ्या हव्या असतील तर आणखी अकरा काप, एकूण १३५. ओंडका तोच, घनफूट तेच, आणि करवतीचं काम जवळजवळ दुप्पट. घनफुटाचा एकच दर लावला तर तुळईवाल्याकडून जास्त घेतले जातात आणि फळीवाल्याचं काम तोट्यात होतं. करवत ओंडक्याचं वजन ओळखत नाही, तिने किती पृष्ठभाग कापला एवढंच खरं. म्हणून माझा दर कापलेल्या चौरस फुटाला.

तो आकडा कुठून आणला? एका तासाचा खर्च वहीत मांडला. ठोक आकडे देतो, तुमचे तुम्ही घाला. यंत्र पाच लाखांचं आणि पाच हजार तास चालेल असं धरलं तर तासाला १०० रुपये. पेट्रोल २५०. ब्लेड दोन हजारांचं, त्याला पाच वेळा धार लावायचे हजार, आणि प्रत्येक धारेवर जेमतेम दोन तास काम. म्हणजे तीन हजारांत बारा तास, तासाला २५०. दोन मदतनीस दिवसाला १६०० रुपये. आठ तासांच्या दिवसात ब्लेड प्रत्यक्षात पाच तासच लाकडात असतं, बाकी वेळ ओंडका चढवणं, फिरवणं, पाचर मारणं, भुसा काढणं. १६०० ला पाचाने भागायचं, आठाने नाही. तासाला ३२०. माझी स्वतःची मजुरी २००, देखभाल आणि आवाराचा खर्च १३०. सगळं मिळून साडेबाराशे. फणसासारख्या लाकडात तासाला ऐंशी ते शंभर चौरस फूट काप होतो. म्हणजे खर्चच फुटाला साडेबारा ते साडेपंधरा रुपये पडतो. यावर नफा चढवल्याशिवाय पुढचं ब्लेड घेता येत नाही.

स्वतःची मजुरी न धरता दर सांगणारे पुष्कळ आहेत. ते स्वस्त दिसतात आणि मग यंत्र विकायला काढतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण एक गिरणी बंद पडली की आसपासच्या गावांतले चांगले ओंडके सरपणात जातात.

वेडेवाकडे, फाट्यांचे, आखूड ओंडके असतील तर मी फुटाचा हिशेब सोडून तासाचा दर लावतो. आकेशियाचं बहुतेक असंच असतं. लाकूड जड आणि टिकाऊ, पण सरळ लांबी हातभर मिळायची मारामार. माडही तासावरच. माडाच्या खोडाला वर्षाची वलयं नसतात, बाहेरचा थर दगडासारखा आणि मधला भाग मऊ, आणि धार इतक्या लवकर जाते की ब्लेडचे पैसे वेगळे सांगावे लागतात. जुन्या माडाच्या बाहेरच्या थरातून रिपा मात्र सुरेख निघतात. ओल्या फणसाचा चीक ब्लेडला चिकटतो, तेव्हा पाण्याच्या धारेत थोडा भांडी घासायचा द्रव साबण घालायचा. धार गेली तरी कापत राहिलं की फळीला लाट येते आणि रंधा मारून मारून सुताराचा जीव जातो. माड सोडला तर वेळेवर ब्लेड बदलणं हा माझ्याच खात्यावरचा खर्च, त्याचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून मागत नाही.

खिळ्याचे पैसे मात्र मागतो. घराजवळच्या झाडांत लोखंड हमखास असतं: कपडे वाळवायच्या दोरीचा खिळा, कुंपणाची तार, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, माळेसाठी कधीतरी ठोकलेला हूक. झाड वाढतं आणि ते पोटात घेतं. किंदळ, ऐन, जांभूळ अशा लाकडांत टोकाला काळसर निळी छटा दिसली की आत लोखंड आहे असं समजायचं. हातातला मेटल डिटेक्टर आम्ही प्रत्येक ओंडक्यावर फिरवतो, पण खोल गेलेलं तो दाखवत नाही. म्हणून पावतीवर आधीच लिहिलेलं असतं: लोखंड लागून ब्लेड गेलं तर त्याची किंमत मालकाची. काप सुरू व्हायच्या आधी मालकाला मी ते वाचून दाखवतो. आधी बोललं की कोणी तक्रार करत नाही. नंतर सांगितलं तर भांडण ठरलेलं.

काहीजण म्हणतात, "पैसे नकोत, अर्धं लाकूड तू ठेव." आसपास ही पद्धत आहे, मी ती टाळतो. माझ्या वाट्याचं लाकूड माझा माल होतं, त्याची वेगळी नोंद, वेगळे कागद, आणि चांगल्या फळ्या कोणाच्या वाट्याला गेल्या हा संशय कायमचा.

ओंडका कधी आणावा, हेही दराइतकंच महत्त्वाचं. डिसेंबर-जानेवारीत चिरून घेतलं तर पावसाआधी लाकडाला चार-पाच कोरडे महिने मिळतात. एक इंची फळीला हवेवर वाळायला साधारण वर्ष लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात वाळणं जवळजवळ थांबतं. टोकांना लगेच जुना ऑइल पेंट फासायचा, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकावर एक ओळीत ठेवायच्या, वर वजन, खाली वारा. आंबा तर ओला ठेवूच नये. तो काळा पडतो आणि त्याला पोखरणारा किडा लागतो, म्हणून चिरल्याबरोबर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढायचा. याचे मी वेगळे पैसे घेतो आणि आंब्याला ते घ्याच असा आग्रह धरतो.

चवथीच्या तोंडावर माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) चौकट, पाट, चौरंग यांसाठी सगळे एकदम येतात. फणसाची ताजी पिवळीधमक फळी बघून लोक खूष होतात, पण ओली फळी देव्हाऱ्यात बसवली की सहा महिन्यांत सांधे उघडतात. त्यांना मी गेल्या वर्षी चिरून ठेवलेलं वाळकं आणायला सांगतो. नसेल तर सुताराशी बोलून काम पुढच्या चवथीवर ढकला म्हणतो. या सल्ल्यामुळे काही कामं हातची जातात.

काप संपला की मोजणी गिऱ्हाइकासमोर होते, टेप त्याच्याच हातात. प्रत्येक कापाची लांबी-रुंदी मदतनीस खडूने लिहितो, बेरीज मालक करतो. एका ओंडक्यासाठी कोणी आलं तरी किमान एका तासाचे पैसे लागतात, कारण यंत्र लावणं आणि साफ करणं तेवढंच राहतं. सालपटं मालकाची, न्यायची नसतील तर आम्ही सरपणाला देतो. भुसा गोठ्यात अंथरायला शेजारचे नेतात, फक्त बोरॅक्सच्या हौदाजवळचा कोणाला देत नाही.